पेंटरांचं शून्य

आमच्या माणसाला दुसऱ्या कोणी भित्रा म्हटलेलं मला खपत नाही. म्हणायचं तर मी म्हणेन. एकतीस वर्षं संसार केलाय, तेवढा हक्क माझा आहे.

पण माणूस भित्राच, खोटं कशाला बोलू. धंदा पाट्या रंगवण्याचा आणि शिडीची तिसरी पायरी आली की खालून कोणीतरी शिडी धरायला हवी. ते कोणीतरी म्हणजे मी. पाण्याची तर विचारूच नका. लहानपणी तळ्यात गटांगळ्या खाल्ल्या होत्या, त्या अजून पोटातून गेल्या नाहीत. बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम. सासूबाई म्हणायच्या, "हा पोटात होता तेव्हा मी काय पाहिलं कुणास ठाऊक."

सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणते, आता मीही म्हणते. अक्षर मात्र असं की छापखान्याने खाली मान घालावी. प्रत्येक अक्षराला काळी सावली देणार, उकार-वेलांट्या एका मापाच्या काढणार. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेल्या पाट्या कोण करून घेतो? काम निम्म्यावर आलं, पण अक्षराचा तोरा गेला नाही. रस्त्याने चालताना दुसऱ्यांच्या पाट्यांतल्या चुका काढत चालायचं, हा विरंगुळा. आणि त्याच विरंगुळ्याने आमचा घात केला.

आमची गल्ली मोठ्या रस्त्यावरून निघते आणि नदीच्या दिशेने उतरत जाते. मधोमध आमचं घर, नंबर बावीस. खाली पेंटरांचं कामाचं दुकान, चौदा पायऱ्या चढून वर एक खोली आणि गल्लीवर उघडणारी अरुंद गॅलरी. उतारावर शेवटचं, सगळ्यात खोलात, घड्याळवाल्या काकांचं. सत्तरी ओलांडलेले, एकटे, गुडघ्यांनी अधू. खाली घड्याळं दुरुस्तीचं टेबल, वर पत्र्याखाली झोपण्यापुरता पोटमाळा. मला सूनबाई म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पूर, भूकंप, दरड असं काही आलं तर गावातल्याच माणसांनी पहिले काही तास कसे सांभाळायचे, याचं प्रशिक्षण द्यायला एक मॅडम आल्या होत्या. मागे मोठा फ्लेक्स. मॅडमनी विचारलं, "या गल्लीची जबाबदारी कोण घेणार? हात वर करा." सगळे आपापल्या चपला बघायला लागले. तेवढ्यात आमच्या पेंटरांचा हात वर गेला.

"वा," मॅडम म्हणाल्या. "टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या. पेंटर उभे राहिले. म्हणाले, "नाही, म्हणजे मागे 'आपती' लिहिलंय. 'आपत्ती' हवं. त-ला त पाहिजे."

हॉल हसून हसून लोळला, पण वहीत गल्लीचा समन्वयक म्हणून नाव चढलं ते चढलंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी आल्यावर मी चहाचा कप समोर आपटला. म्हटलं, "समन्वयक म्हणजे काय माहितीये का? सगळ्यांच्या शिव्या एकट्याने खायच्या." सासूबाईंना तो शब्द शेवटपर्यंत जमला नाही. त्या 'समन्वय' म्हणून थांबायच्या आणि 'यक' माझ्याकडे बघून म्हणायच्या.

पेंटर दुसऱ्या दिवशी नाव काढून घ्यायला गेले होते. मॅडमना म्हणाले, मी फार घाबरतो. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हीच हवेत. घाबरणारा माणूस दोनदा मोजतो." या एका वाक्यावर माणूस विरघळला. भीतीबद्दल आजवर त्यांना कोणी चांगलं बोललं नव्हतं.

सहा रविवार प्रशिक्षण चाललं. तलावावर बोटीत बसवलं तेव्हा पेंटरांची पाचावर धारण बसली, काठावरची आम्ही मंडळी बघत होतो. पण बसले. वही भरून टिपणं काढली. तीन गोष्टी मॅडमनी घोटून घेतल्या. पहिली, घर तपासायला आत शिरताना दाराच्या वर खडूने एक तिरकी रेघ मारायची, बाहेर येताना दुसरी मारून फुली पूर्ण करायची आणि खाली लिहायचं, आत किती माणसं उरली. कोणी नसेल तर शून्य. बाजूला तारीख आणि वेळ. म्हणजे मागून येणारी बोट त्याच घरात पुन्हा वेळ घालवत नाही. दुसरी, जो सगळ्यात खाली आहे त्याला आधी काढायचं. आणि तिसरी, ज्या घरातून माणूस काढाल त्याला निघताना विचारायचं, "आणखी कोणाचा आवाज येतोय का?" कारण आपण बाहेरून येतो, आपल्याला काही माहीत नसतं. आत अडकलेला माणूस तासन्‌तास कान लावून बसलेला असतो. अडकलेल्यांसाठीही नियम होता. ओरडून घसा फोडायचा नाही. तीन ठोके, थांबायचं, परत तीन ठोके.

त्या प्रश्नाचा पेंटरांनी घरात उच्छाद मांडला. संध्याकाळी चपला काढता काढता, हात वर करून, मॅडमच्या सुरात विचारायचे, "आणखी कोणाचा आवाज येतोय का?" मी म्हणायची, "हो, तुमच्या आईच्या घोरण्याचा." सासूबाई आतून म्हणायच्या, "मी जागी आहे हो."

मग सराव झाला. सगळी गल्ली बाहेर काढली, स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन तपासलं. दारांवर खुणा करायचं काम अर्थातच पेंटरांकडे. मॅडमनी खडूचं खोकं दिलं होतं. पेंटरांनी ते हातात घेऊन असं काही पाहिलं की जणू कोणी शिळं वाढलंय. "खडू? पाण्यात टिकेल का हे?" आणि दुकानात जाऊन पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. शिडी लावली, मी धरली. पाणी चढलं तरी दिसायला हवं म्हणून दारांच्या खूप वर, आमच्याकडे तर थेट गॅलरीच्या खाली, फुली आणि शून्य. बेचाळीस घरांवर बेचाळीस शून्यं. अशी गोल की कंपास लाजावा. आणि प्रत्येक शून्याला काळी सावली.

"तारीख?" मी खालून विचारलं.

"पाटीवर कोणी तारीख लिहितं का? पाटीची शोभा जाते."

मॅडम दुसऱ्या टोकाला होत्या. जाताना त्यांनी सगळ्यांना बजावलं, सराव संपला की खुणा पुसून टाका. बाकीच्या गल्ल्यांमधला खडू दोन दिवसांत वाऱ्यानेच गेला. आमची शून्यं चमकत राहिली. मी म्हटलं, पुसा हो. पेंटर म्हणाले, "राहू दे की चार दिवस. किती दिवसांनी इतकं काम एकत्र दिसतंय." येणारे-जाणारे थांबून बघायचे, तेव्हा हे दुकानात पाठमोरे बसून कान इकडे लावायचे. चार दिवसांचे चार महिने झाले. रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते, तसं झालं.

त्या दिवशी सकाळी आठला भोंगा वाजला. वर आठ दिवस पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडत होते. दुपारपर्यंत नदी गल्लीत येणार होती. पेंटरांनी वहीप्रमाणे सगळं केलं. दहाच्या आत गल्ली रिकामी झाली. गल्लीच्या तोंडाशी एक स्वयंसेवक नावांवर टिक करत होता, घड्याळवाल्या काकांच्या नावावरही टिक पडली. राहिलो फक्त आम्ही. सासूबाई महिन्यापूर्वी पडल्या होत्या आणि कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये होत्या. अँब्युलन्स यायची होती, ती पुलापलीकडेच अडकली. चौघांनी त्यांना खाटेसकट वरच्या खोलीत चढवलं. पेंटर म्हणाले, "स्ट्रेचरवाली बोट आली की पहिली बावीस नंबरला पाठवतो. मला शाळेतल्या मदतकेंद्रात टेबलावर बसावं लागेल. समन्वयकाने जागा सोडायची नाही."

"जा," मी म्हटलं. "तुमची आई मी बघते."

ते तीनदा जिन्यावरून परत आले. तिसऱ्यांदा मी रागावले, तेव्हा गेले.

अकराच्या सुमाराला गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. गॅलरीतून बघते तर घड्याळवाले काका भिंतीला धरून उताराने खाली निघालेले.

"काका, उलटे कुठे?"

"लोकांची घड्याळं राहिलीत, सूनबाई. जोखमीची वस्तू. तुमचंही आहे त्यात, पट्टा बदललाय. दहा मिनिटांत येतो."

मी थांबवायला हवं होतं. मोबाईलला सकाळपासून रेंज नव्हती, पण घसा होता ना मला? तेवढ्यात सासूबाईंनी पाणी मागितलं, मी आत गेले. काका परत आलेले मला दिसले नाहीत.

त्यानंतर मी जिन्याच्या तोंडाशी बसून पायऱ्या मोजत होते. चौदा पायऱ्या. बारा वाजता दोन बुडाल्या. मग पाणी जे चढायला लागलं, ते डोळ्यांदेखत. आवाज न करता चढतं हो ते. खाली दुकानात रंगाचे डबे तरंगून भिंतींवर आपटत होते, कुठलीतरी झाकणं निघाली आणि पाण्यावर लाल-पिवळे ओघळ पसरले. टर्पेंटाईनच्या वासाने डोकं भणभणलं. सातवी पायरी गेली. सासूबाई विचारत होत्या, "किती राहिल्या गं?" मी म्हणायची, "आहेत की भरपूर." आठवी गेली. खाट उचलून मी कुठे नेणार होते? वर कौलं, खाली पाणी.

दीड वाजला असेल. इंजिनाची घरघर ऐकू आली. सासूबाई म्हणाल्या, "आली गं बोट." मी धावत गॅलरीच्या दाराशी गेले. वाऱ्याने ते आपटून बंद झालं होतं आणि ओलीने लाकूड फुगून घट्ट बसलं होतं. मी खांदा मारतेय, ओरडतेय, आणि दाराच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, बोटीतला माणूस मोठ्याने वाचतोय, "बावीस नंबर. फुली आहे. शून्य. नेलंय यांना कोणीतरी. चला."

दार उघडलं तेव्हा केशरी जॅकेटवाल्या दोन पाठी गल्लीच्या तोंडाशी वळत होत्या. मी किंचाळले. इंजिनापुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. पाण्याच्या दोन हात वर, गोल, पांढरं, सावली दिलेलं. माझ्या नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं की या घरात मी नाही. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती मरणाची नव्हती. आपण जिवंत असताना आपलं नाव वहीतून गेलंय आणि आता कोणी शोधायला येणार नाही, ती भीती.

आणि मग ठोके ऐकू आले. उताराच्या टोकाकडून. पत्र्यावर आतून कोणीतरी हातोडी मारत होतं. तीन ठोके. थांबून परत तीन. मोजून-मापून, एका अंतराने. घड्याळवाल्याचे ठोके, ते चुकणार कसे? काका पोटमाळ्यावर अडकले होते.

मला रडू फुटलं, पण आनंदाने. आणखी कोणीतरी होतं. मी कालथा घेऊन कठड्यावर तीन ठोके दिले. तिकडून तीन आले. तासभर आमचं तेच चाललं होतं. सासूबाईसुद्धा मोजायला लागल्या. ठोका यायला उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागायचा, आला की पुढच्या पायरीकडे बघायचं बळ यायचं.

तिकडे शाळेत काय झालं ते मला नंतर कळलं. बोटवाल्यांनी येऊन सांगितलं, बावीस नंबर झालेलं आहे, दुसऱ्या बोटीने पलीकडच्या केंद्रावर उतरवलं असणार. पेंटरांनी आमच्या नावावर टिक केली आणि सकाळपासून पहिल्यांदा चहा घेतला. बोटवाला शेजारी बसला होता. सहज म्हणाला, "पण मानलं बुवा तुमच्या माणसांना. भर पुरात काय अक्षर काढलंय! शून्याला सावली दिलीय."

जन्मभर पेंटर असं कोणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत होते. बोटवाला सांगतो, ते खुर्चीसकट मागे पडले. मग उठले आणि टेबल सोडून, वही सोडून, पाण्याच्या दिशेने धावत सुटले. बादलीपेक्षा खोल पाण्यात पाय न घालणारा माणूस.

तीन वाजता बोट आली. बाराव्या पायरीवर पाणी होतं. पेंटर पुढे बसलेले, डोक्यावर हेल्मेट, त्यावर रेनकोटची टोपी, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. बोट कठड्याला बांधली, इंजिन बंद केलं. दोघं जवान गॅलरीत चढून आत गेले आणि सासूबाईंना स्ट्रेचरवर बांधायला लागले. त्या वेदनेने ओरडत होत्या. जवान म्हणाला, "आजी आडव्या झाल्या की बोट भरली. वरून आणखी पाणी सुटलंय. आता इथून नीट बाहेर पडलो तर मिळवली."

मी गॅलरीत उभी. पेंटर खाली बोटीत एकटे, दोन्ही हातांनी दोर धरून. त्यांनी मान वर केली. प्रश्न नेमका आला, मॅडमनी शिकवला तसाच.

"आणखी कोणाचा आवाज येतोय का?"

टण. टण. टण.

माझ्या मनात काय काय आलं ते मी लपवणार नाही. हो म्हटलं तर नियम आहे, जो खाली तो आधी. बोट उताराने खाली जाईल, पाण्याच्या ओढीत. आम्ही इथे थांबू. दोन पायऱ्या राहिल्यात. आणि आमचा माणूस, ज्याला पोहता येत नाही, तो त्या ओढीत जाईल. यांना काही ऐकू येत नसणार, हेल्मेटवर टोपी आहे. जवान आत आहेत. ऐकणारी मी एकटीच.

मी म्हटलं, "नाही."

बोट निघाली. मागून तीन ठोके आले. थोडं थांबून परत तीन. उत्तर जायचं थांबलं होतं ना, म्हणून बहुतेक, मग ते घाईघाईने यायला लागले, मापाशिवाय. सासूबाई बांधलेल्या, डोळे मिटून होत्या. मी यांच्या जॅकेटचा पट्टा पकडून बसले होते.

शाळेत पोहोचून अर्धा तास झाल्यावर मी एका स्वयंसेवकाला विचारलं, जणू आत्ताच आठवलं असं दाखवून, "घड्याळवाले काका कुठे दिसत नाहीत?" ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, त्यातली गत. बोट गेली. तोवर तिथे पत्रासुद्धा पाण्याखाली होता. काका दुसऱ्या दिवशी सापडले. गळ्यात प्लास्टिकच्या दोन पिशव्या बांधलेल्या, आत एकोणीस घड्याळं, सगळी कोरडी, सगळी चालू. माझं त्यात होतं. मी ते अजून हाताला बांधलेलं नाही.

पूर ओसरल्यावर पेंटरांनी रॉकेलचा बोळा आणि लोखंडी पत्री घेऊन शून्यं खरवडली. शिडीवर एकटे चढायचे, मला धरू द्यायचे नाहीत. काकांच्या घराचं दार राहिलंच नव्हतं. त्यांच्या भिंतीवरचं शून्य मात्र होतं. ते खरवडायला अख्खा दिवस लागला. लोक बोलले, तोंडावर बोलले. पेंटर खरवडत राहिले.

मग मॅडम आल्या. म्हणाल्या, जी चूक तुम्ही केली ती इतरांना सांगा, दुसरं कोणी सांगून पटत नाही. तेव्हापासून आम्ही गावोगाव जातो. म्हणजे ते जातात, मी बरोबर असते, कारण रात्री ते दचकून उठतात आणि शेजारी कोणी लागतं. सासूबाई गेल्या वर्षी घरातच, झोपेत गेल्या. जाण्याआधी आठ दिवस मला नुसत्या बघत होत्या. त्या तासाभरात त्यांनीही ठोके मोजले होते. त्यांच्या नजरेची मला जितकी भीती वाटली तितकी पाण्याची नाही वाटली.

परवा एका गावात असाच वर्ग होता. चाळीसेक माणसं, बरेचसे तरुण. पेंटर फळ्यासमोर उभे राहून नेहमीचं सांगत होते. खडूच वापरा. तारीख घाला, वेळ घाला. सराव संपला की त्याच दिवशी पुसा. "मी पुसलं नाही. माझ्या शून्याने एक माणूस मारला." हे वाक्य ते दर वेळी बोलतात आणि दर वेळी मी मागच्या रांगेत माझ्या पदराच्या दशा मोजते.

पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेने हात वर केला. "पण काका, तुम्ही प्रश्न विचारला होता ना? आवाज येतोय का म्हणून?"

"विचारला होता."

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कसलीही खोच नव्हती, नुसतं विचारलं. "काकू, तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आणि फळ्याजवळून पेंटर म्हणाले, "पाण्याचा आवाज फार होता." लगेच म्हणाले, "दहा मिनिटं चहासाठी थांबू या."

हॉलच्या मागे नळावर ते हात धूत होते. मी तिथे गाठलं. इतक्या दिवसांचं सगळं रागातूनच बाहेर आलं. म्हटलं, "माझं उत्तर तुम्ही का दिलंत? दोन वर्षं सगळ्या जगासमोर एकटे मार खाताय. मला ऐकू आलं होतं. ऐकताय ना? तुम्ही विचारलंत तेव्हाच..."

"तीन ठोके," पेंटर म्हणाले. "थांबून परत तीन."

नळ चालूच होता.

"इंजिन बंद होतं," ते म्हणाले. "टोपीतूनही येत होतं. मला त्या उताराने खाली जायची हिंमत होत नव्हती. आई वर, तू वर. मला वाटलं, आपण विचारावं, म्हणजे नियम पाळला. आणि तू नाही म्हणशील. तू नाही म्हणावंस, म्हणूनच मी तुझ्याकडे बघून विचारलं."

मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं मी या माणसाच्या भीतीची थट्टा केली, आणि माझी भीती त्यांना माझ्याआधी पाठ होती. आम्हा दोघांना एकमेकांकडे बघवेना. त्यांनी नळ बंद केला, रुमालाने बोटं एकेक करून पुसली.

घंटा झाली. दुसऱ्या तासाला तोच धडा होता, प्रश्नाचा. तो नेहमी सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतात, तोंडात बसावा म्हणून. पेंटरांनी खडूने फळ्यावर लिहिलं, सावली न देता, साधं. मग बाजूला झाले. चाळीस माणसं आमच्याकडे बघून एकदम म्हणाली, "आणखी कोणाचा आवाज येतोय का?"

दर वेळी पेंटर 'शाब्बास' म्हणून पुढे जातात. या वेळी खाली मान घालून खडू हातात फिरवत राहिले. मी मागच्या रांगेतून उठून पुढे आले, त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"हो," मी म्हटलं. "येतोय." आणि काका उलटे निघाले तिथपासून सांगायला सुरुवात केली.